लेकी बोले, सुने लागे : ‘स्टेटस’ नामक लेखनप्रकाराविषयी काही विचार

गेली काही वर्षे आम्ही एक वाचन नेमाने करीत आहोत. ते कोणत्याही ग्रंथालयात मिळणारे नाही. त्यास मुखपृष्ठ नाही, प्रस्तावना नाही, आणि चोवीस तास उलटले की ते नाहीसे होते. आमच्या धर्मग्रामातील दोनशेच्या आसपास माणसांचे क्रमांक आमच्या भ्रमणध्वनीत आहेत, आणि त्यांपैकी कुणी ना कुणी व्हॉट्सॲपवर दररोज काहीतरी लावीत असते. कुणाच्या मुलाचा वाढदिवस, कुणाच्या आईचे पुण्यस्मरण, भाट्याच्या वाळूवरून टिपलेला सूर्यास्त, मिरकरवाड्याच्या बंदरात परतलेल्या होड्या, नाताळच्या गोठ्याशेजारी बसलेले अवघे कुटुंब. आणि या सर्वांच्या मधोमध, काळ्या चौकटीत पांढऱ्या अक्षरांत, एखादे वाक्य असते की काही माणसांना आपली आठवण फक्त गरजेपुरतीच येते.

हे वाङ्मय आहे काय, असा प्रश्न आमचे एक प्राध्यापक स्नेही विचारतात आणि उत्तराची वाट न पाहता हसतात. त्यांचे हसणे आम्हांस समजते. तथापि, माणूस स्वतःविषयी काही सांगू पाहतो तेव्हा ते तो कसे सांगतो, कोणास उद्देशून सांगतो आणि काय सांगावयाचे टाळतो, हे पाहणे समीक्षेचेच काम आहे. लेखन उत्तम की सामान्य, हा प्रश्न त्यानंतरचा. फेसबुक २००४ साली निघाले, इन्स्टाग्राम २०१० साली. चित्रांचा आणि चार ओळींचा हा चोवीस तासांचा ‘स्टेटस’ व्हॉट्सॲपने २०१७ च्या फेब्रुवारीत आणला. आमच्या घरांतील आईबाप आणि आजीआजोबा लिहितात ते मुख्यतः येथे, म्हणून आम्ही येथपुरतेच बोलू. तरुण मंडळी इन्स्टाग्रामवर काय लिहितात ते पाहण्यास ती आम्हांस बोलावीत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

या लेखनाचा सर्वांत जोमदार प्रकार म्हणजे टोमणा. त्याचे व्याकरण पाहण्यासारखे आहे. त्यात नाव कधीच नसते. कर्ता ‘काही लोक’ किंवा ‘आपलीच माणसे’. क्रियापद नेहमी वर्तमानकाळी. वाक्याचा थाट सुभाषिताचा. बाहेरून पाहावे तर मनुष्यस्वभावाविषयीचे एक सामान्य विधान, आणि आत पाहावे तर एकाच व्यक्तीच्या नावे धाडलेले पत्र. मराठी भाषेने या कलेचे मर्म कैक पिढ्यांपूर्वीच चार शब्दांत सांगून ठेवले आहे : लेकी बोले, सुने लागे. फरक इतकाच की माजघरात सासू बोले तेव्हा ऐकणाऱ्या लेकी दोन-तीन असत. आता त्या दोनशे आहेत, आणि त्यांतील प्रत्येकीस क्षणभर वाटून जाते की सून कदाचित आपणच असू.

दोन सख्ख्या भावांत हापूसच्या काही कलमांवरून वितुष्ट आले होते. (ओळख पटू नये इतका हा प्रसंग आम्ही बदलून सांगत आहोत.) महिनाभर आम्ही दोघांचेही स्टेटस वाचीत होतो, एकाच कादंबरीची प्रकरणे दोन लेखकांनी आळीपाळीने लिहावीत तसे ते चालले होते. थोरला रक्ताच्या नात्याविषयी लिही, धाकटा दुसऱ्या दिवशी लोभाविषयी. शेवटी आम्ही दोघांच्या घरी स्वतंत्रपणे गेलो. दोघांनीही आम्हांस अक्षरशः एकच वाक्य ऐकविले : “फादर, मी कुणाचं नाव घेतलं नाही.”

हे वाक्य आमच्या मनात बरेच दिवस राहिले. नाव न घेणे हे या लेखनातील संरक्षक कवच आहे हे खरे. पण कवच घालणारा माणूस घाबरलेला असतो हेही तितकेच खरे. थोरल्याच्या पत्नीने बोलण्याच्या ओघात सांगितले की ते रात्री पुन्हा पुन्हा फोन उघडून पाहतात. आपला स्टेटस कोणी कोणी पाहिला याची यादी तेथे दिसते, आणि त्या यादीत धाकट्याचे नाव आले की नाही, एवढेच त्यांना पाहावयाचे असते. आला तर झोप लागे, न आला तर लागत नसे. आम्ही त्या महिन्याचे लेखन मनात पुन्हा वाचले तेव्हा ते टोमणे आम्हांस टोमणे वाटेनात. ‘तू पाहिलेस का?’ हा एकच प्रश्न तीस वेळा विचारलेला दिसू लागला.

धर्मगुरूच्या मनात येथे दुसऱ्या एका सांगण्याची तुलना येणे अपरिहार्य आहे. जुनी माणसे ज्यास ‘कुमसार’ म्हणत, त्या पापनिवेदनाचीही एक रचना आहे. ऐकणारा एकच, तोही जाळीपलीकडे, बोलणारा प्रथमपुरुषी, दोष स्वतःचा, आणि सांगितलेले तेथेच मिटते. वर्षातून निदान एकदा हे करावे असा दंडक १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने घातला. स्टेटस याच्या अगदी उलट आहे. ऐकणारे पुष्कळ, पुरुष तृतीय, आणि दोष दुसऱ्याचा. यावरून पापनिवेदनाच्या रांगा आटल्या म्हणून स्टेटस वाढले, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. एका प्रायश्चित्तकाळात आम्ही तसे प्रवचनही दिले होते. ते चुकीचे होते. रांगेत उभी राहणारी माणसेही टोमणे लिहितातच. शिवाय स्टेटसवर जे बोलले जाते ते बहुधा पाप नसून जखम असते. पापनिवेदनाच्या चौकटीत आपले पाप सांगता येते. दुसऱ्याने केलेली जखम सांगण्यास आलेल्या माणसाला ‘तुम्ही फक्त स्वतःचे सांगा’ असे आम्हीच हळूच अडवीत असतो. मग ती जखम कोठे सांगावी? घरी सांगावी तर जखम करणारा घरातलाच असतो.

आत्मकथनाच्या इतिहासात संत ऑगस्टीन यांचा ‘कबुलीजबाब’ मूळपुरुष मानला जातो. इसवी सन ३९७ च्या सुमारास लिहावयास घेतलेला हा ग्रंथ आरंभापासून अखेरपर्यंत परमेश्वराशी बोलतो. वाचक त्यात आहे, पण दाराआड उभा राहून ऐकणारा. परमेश्वरास सर्व ठाऊकच आहे, मग त्यास सांगावयाचे कशासाठी, हा प्रश्न ऑगस्टीन यांना पडतो. आणि माणसे दुसऱ्याचे आयुष्य जाणून घेण्यास जितकी उत्सुक तितकीच आपले सुधारण्यास आळशी असतात, ही शंकाही ते आपल्या वाचकांविषयी मोकळेपणाने बोलून दाखवितात. आम्हांस यात शिकण्यासारखे वाटते ते हे की आपले बोलणे कोणाकडे तोंड करून चालले आहे, याचा त्यांना एका ओळीपुरताही विसर पडत नाही. स्टेटस लिहिणाऱ्यास नेमका तोच पडलेला असतो. त्याचे तोंड एकाकडे असते आणि आवाज दोनशेंकडे.

मराठीत आमच्यापाशी याहून जवळचे उदाहरण आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे मूळचे याच रत्नागिरी जिल्ह्यातील, करजगावचे, जन्म १८६१. त्यांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंच्या संसाराचे दोन तुकडे झाले. काही वर्षे दोघे वेगळी राहिली. १९०० साली लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला. टिळक १९१९ साली वारले. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ पुस्तकरूपाने येऊ लागली ती १९३४ पासून. हे दांपत्य आमच्या कॅथलिक मंडळीतले नव्हे. परंतु मराठी ख्रिस्ती घरात जन्मलेल्या प्रत्येकाने हे पुस्तक आपले मानावे, मग पंथ कोणताही असो. रीतसर शिक्षण न मिळालेल्या या बाईंनी जे लिहिले, त्याच्या तोडीचे आत्मचरित्र मराठीत फार थोडे आहे.

नवरा न सांगता धर्म बदलतो, मागे राहिलेल्या पत्नीची आणि लहानग्या मुलाची वाताहत होते, नातलग एकीकडे आणि समाज दुसरीकडे ओढतो. आजच्या हिशेबाने पाहिल्यास हा तीनशे काळ्या चौकटींचा ऐवज आहे. लक्ष्मीबाई तो कसा सांगतात? त्या नवऱ्याचे नाव घेतात. प्रसंग घेतात, गाव घेतात, कोण काय बोलले ते घेतात, आणि त्या प्रसंगात आपण स्वतः किती वेड्यासारखे वागलो तेही घेतात. वडिलांच्या सोवळ्याओवळ्याच्या वेडाविषयी लिहिताना त्या पोट धरून हसवितात, आणि त्या वेडापायी घरातल्या बायकांचे काय हाल झाले ते त्याच हसण्यात सांगून मोकळ्या होतात. त्यांच्या लेखनात ‘काही लोक’ नाहीत. म्हणून त्यात टोमणाही नाही. ज्याचे नाव घेतले त्याला न्यायही द्यावा लागतो, आणि टिळकांना तो पुरेपूर मिळतो. इतका की वाचक टिळकांवर रागावतो आणि लक्ष्मीबाई रागावत नाहीत.

यावर कोणी म्हणेल की लक्ष्मीबाईंना तीस-चाळीस वर्षे मिळाली, स्टेटस लिहिणाऱ्याला तीस मिनिटेही मिळालेली नसतात. हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. लोणचे मुरण्याआधी बरणी उघडली तर चूक लोणच्याची नव्हे. तरीही एक गोष्ट राहतेच. पूर्वी रत्नागिरीहून मुंबईस गेलेला चाकरमानी गिरणीतून घरी पैसे पाठवी, तेव्हा मनीऑर्डरच्या फॉर्मवर निरोपासाठी बोटभर जागा असे. त्या जागेत त्याने लिहिलेले चार शब्दही ताजेच असत, आणि ते आधी पोस्टमन वाची, मग वाडीतला साक्षर माणूस मोठ्याने वाची, मग बायको ऐके. तेही एक प्रकारचे जाहीर लेखन होते. पण ते एका व्यक्तीच्या नावे असे आणि त्यासोबत पैसे असत. शब्दांना काहीतरी जामीन होता.

आता शास्त्रज्ञ काय म्हणतात ते. माणसांच्या अशा लेखनावरून त्यांचे अंतरंग ओळखता येते काय, यावर बरेच संशोधन झाले आहे. २०१३ साली केंब्रिजच्या संशोधकांनी अठ्ठावन्न हजारांहून अधिक स्वेच्छेने सहभागी झालेल्या लोकांच्या फेसबुकवरील केवळ पसंतीच्या खुणांवरून त्यांच्या स्वभावाचे आणि मतांचे अंदाज बांधून दाखविले. २०१५ सालच्या पुढच्या अभ्यासात असे आढळले की तीनशेच्या आसपास खुणा हाती असल्या तर संगणकाचा स्वभावाविषयीचा अंदाज जोडीदाराच्या अंदाजाहूनही सरस ठरतो. २०१८ साली अमेरिकेत ६८३ रुग्णांच्या संमतीने त्यांच्या फेसबुकवरील लेखनाची भाषा तपासली गेली, आणि वैद्यकीय नोंदीत नैराश्य लागण्याच्या काही महिने आधीच त्या भाषेत त्याच्या खुणा दिसल्या. एकटेपणाचे, रडण्याचे, दुखण्याचे शब्द तर त्यात होतेच. शिवाय ‘मी’, ‘मला’, ‘माझे’ यांचे प्रमाण वाढलेले होते. या ज्ञानाचा दुसरा उपयोगही आपण त्याच वर्षी पाहिला. केंब्रिज ॲनालिटिका या संस्थेच्या हाती सुमारे ८ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली असावी असे फेसबुकनेच सांगितले, आणि त्यांत भारतातील ५ लाखांहून अधिक लोक होते. आपले मन शेजारणीला कळू नये म्हणून नाव गाळणारे आपण, ते व्यापाऱ्याला मात्र हातोहात देऊन बसतो.

पण आम्हांस रस आहे तो त्या ‘मी’ मध्ये. हे अभ्यास इंग्रजी लेखनावर झालेले आहेत. मराठीत ‘मी’ मोजून फारसे हाती लागणार नाही. ‘रात्रभर झोपले नाही’ एवढे म्हटले की बोलणारी स्त्री आहे, एकटी आहे आणि स्वतःविषयी बोलत आहे हे क्रियापदच सांगून टाकते. ‘मी’ घालण्याची गरजच नाही. आणि दुःख खरोखर खोल असले की आमची भाषा क्रियापदातूनही स्वतःला काढून घेते. आमची आजी कधी ‘मी थकले’ म्हणाली नाही. ती म्हणे, “माणसानं किती सोसावं?” तो ‘माणूस’ ती स्वतः होती हे घरात सर्वांस ठाऊक होते. ‘बाईच्या जातीनं’, ‘एखाद्यानं’, ‘आपण आपलं’ ही सर्व मराठी ‘मी’ ची लपण्याची ठिकाणे आहेत. मराठी स्टेटसवर कोणाला यंत्र लावावयाचे असेल तर त्याने ‘मी’ नव्हे, ‘माणसाने’ मोजावे. प्रस्तुत लेखातील ‘आम्ही’ हेही त्याच कुळातले एक सर्वनाम आहे, याची आम्हांस जाणीव आहे, आणि थोड्याच वेळात त्याची अडचण होणार आहे.

त्याआधी उसन्या शब्दांविषयी. टोमण्याखालोखाल या लेखनात मोठा भरणा असतो तो पुढे ढकललेल्या मजकुराचा. गुलाब, दवबिंदू, उगवता सूर्य, खाली बायबलमधील वचन किंवा कुणा थोराच्या नावावर खपविलेले वाक्य. २०१८ च्या आरंभी अशी वार्ता आली होती की भारतीयांचे फोन सुप्रभातच्या चित्रांनी भरून जाऊन अडतात, हे गूगलच्या संशोधकांच्याही ध्यानी आले. सुशिक्षित वर्गाला या मजकुराचा तिटकारा आहे, आणि आम्हीही त्या वर्गात मोडत होतो. आमचा युक्तिवाद असा, की जे शब्द माणसाचे स्वतःचे नाहीत, त्यांतून त्याचे मन कसे दिसणार?

हा युक्तिवाद एका धर्मगुरूने करणे हास्यास्पद आहे. आम्ही दररोज जी स्तोत्रे म्हणतो ती आम्ही रचलेली नाहीत. दीडशे स्तोत्रांपैकी ज्या दिवशी जे वाट्यास येईल ते म्हणावयाचे. मन प्रसन्न असले तरी विलाप, आणि मन काळवंडले असले तरी जयघोष. रोझरी तर त्याच त्या शब्दांची त्रेपन्न वेळा केलेली आवृत्ती. तारखात्यातही शुभेच्छांची ठरीव वाक्ये असत, त्यांना क्रमांक असत, आणि पाठविणारा नुसता क्रमांक सांगे. २०१३ साली तारसेवा बंद झाली तेव्हा त्या क्रमांकांच्या आठवणीने हळहळलेल्या माणसांत आम्हीही होतो. म्हणजे उसने शब्द आम्हांस तारेत चालत होते आणि गुलाबाखाली चालत नव्हते.

जात्यावरच्या ओव्यांचे उदाहरण तर डोळे उघडणारे आहे. हेमा राईरकर आणि फ्रान्समधून येऊन पुण्यात स्थायिक झालेले गी पॉइटवँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्या ओव्यांत बाईचे सारे आयुष्य आहे. माहेर, भाऊ, सासुरवास, लेकीची पाठवणी, मेलेले मूल. पण त्यांतील ओवी क्वचितच एका बाईची असते. ती आईकडून आलेली, शेजारणीकडून उचललेली, नावाचा शब्द बदलून आपलीशी केलेली. बाईने त्या पहाटे कोणती ओवी उचलली, यातच तिचे मन होते. शब्द उसने, निवड स्वतःची. ही कसोटी आम्ही जात्याला लावतो, तर फोनला का लावू नये? एक भेद मात्र आम्ही सोडणार नाही. जाते ओढण्यास कष्ट पडत, आणि जाते उत्तर देत नसे. किती जणींनी ऐकले याची यादी त्यावर उमटत नसे.

येथे ‘आम्ही’ ची अडचण होते. आमच्या धर्मग्रामात एक वृद्ध गृहस्थ एकटेच राहतात. पत्नी निवर्तली, मुले दूर. धर्मग्रामाच्या गटावर ते दररोज पहाटे पाच-चाळीसच्या सुमारास एक गुलाब पाठवीत. गुलाब नेहमी तांबडा, खाली वचन कधी हिंदीत, कधी इंग्रजीत, आणि एकदा तर ऐन एप्रिलमध्ये नाताळच्या शुभेच्छा. स्वतःचा असा एक शब्द त्यांनी कधी लिहिला नाही. आम्ही त्या गटाचा आवाज बंद करून ठेवला होता. एका जुलैत, धो धो पाऊस चालू असताना, दोन दिवस गुलाब आला नाही. आम्हांस ते कळले नाही. कळले ते त्यांच्या कुवेतमधील भाचीला. तिने शेजारी फोन केला, शेजाऱ्यांनी दार ढकलले, आणि तापाने ग्लानीत पडलेल्या त्या गृहस्थांना रिक्षात घालून रुग्णालयात नेले. ते बरे झाले. आम्ही भेटावयास गेलो तेव्हा उशीवरून मान किंचित उचलून ते म्हणाले, “माफ करा फादर, दोन दिवस मेसेज टाकता आला नाही.”

त्या गुलाबाचे वाचन आम्ही वर्षभर चुकीचे करीत होतो. आम्ही त्यात भक्ती पाहिली, अभिरुचीचा अभाव पाहिला, फोनमधील जागेचा अपव्यय पाहिला. त्यात लिहिलेले होते ते एवढेच की मी उठलो. शाळेत हजेरीच्या वेळी मूल ‘हजर’ म्हणते, त्या शब्दाच्या शैलीविषयी कोणी मत देत नाही. कुवेतला घरकाम करणाऱ्या त्या भाचीने हे लेखन अचूक वाचले, कारण ती ते दररोज मोजीत होती. समीक्षक म्हणून आणि धर्मगुरू म्हणून आम्ही एकाच वेळी नापास झालो, आणि ‘आम्ही’ या शब्दात एवढी जागा आहे की नापास झालेला माणूस त्यात दिसेनासा होतो. तो एकच होता.

व्हॅटिकनच्या संज्ञापन विभागाने २८ मे २०२३ रोजी समाजमाध्यमांविषयी एक चिंतन प्रसिद्ध केले. चांगल्या शमरोनीचा दाखला हा त्याचा गाभा आहे. या नव्या रस्त्यांवरही माणसे जखमी होऊन पडलेली असतात आणि आपण बाजूने निघून जातो, असा त्याचा आशय. हा दस्तऐवज आम्ही गटावर मोठ्या उत्साहाने पाठविला होता. किती जणांनी वाचला ते ठाऊक नाही. त्याच गटाचा आवाज आम्ही पुढे बंद केला, हेही येथे नमूद केलेले बरे.

शोकाच्या लेखनाविषयी थोडे सांगून थांबू. मृत्यूची बातमी स्टेटसवर लावणे आम्हांस वावगे वाटत नाही. पूर्वी देवळाची घंटा संथ ठोके देई आणि शेतातला माणूस हात थांबवी. आता फोन तेच करतो. परंतु एका बोटीवरील खलाशास आपली आई वारल्याचे दुसऱ्याच कोणाच्या स्टेटसवरून कळले, तेव्हापासून आम्ही प्रत्येक घरी बजावतो की आधी रक्ताच्या माणसांना सांगा, घंटा मग. मृतदेहाचे छायाचित्र तर लावूच नये. हे मात्र आम्ही अभिरुचीचा प्रश्न म्हणून सोडून देत नाही.

वर्षश्राद्धासारखे दरवर्षी येणारे जे लेखन असते, ते निराळे. ‘पप्पा, तुम्हांला जाऊन आज पाच वर्षे झाली.’ हे वाक्य ज्याला उद्देशून आहे त्याच्याकडे कधी स्मार्टफोन नव्हता. आमचे हसरे प्राध्यापक स्नेही येथे विचारतात की हे मग कोणासाठी? प्रश्न बिनतोड आहे, पण नवा नाही. अंत्यविधीच्या वेळी बायका मृताचे नाव घेऊन, त्याला ‘तू’ म्हणून, तो ऐकत असल्यासारख्या रडतात, तेव्हा हा प्रश्न कोणी विचारत नाही. इतर स्टेटसमधून जो द्वितीय पुरुष हद्दपार झालेला आहे, तो येथे अचानक परत येतो. ‘काही लोक’ जातात आणि ‘तुम्ही’ येते. जिवंत माणसाशी तोंडावर बोलण्याचे धैर्य ज्यांना होत नाही, ती माणसे मेलेल्याशी मात्र तोंडावर बोलतात. हे लेखन आम्हांस या साऱ्या प्रकारांत ऑगस्टीन यांच्या सर्वांत जवळचे वाटते, कारण त्यात वाचक पुन्हा दाराआड जाऊन उभा राहतो.

गेल्या २ नोव्हेंबरला, सर्व मृत भक्तांच्या दिवशी, आम्ही दफनभूमीत कबरींना आशीर्वाद देत फिरत होतो. चाळिशीतील एक बाई वडिलांच्या कबरीजवळ फोन आडवा धरून उभ्या होत्या. परदेशातील बहिणीला मेणबत्ती दिसावी म्हणून. वारा होता, ज्योत टिकत नव्हती. आम्ही पवित्र पाणी शिंपडून पुढे गेलो. परतताना पाहिले तो फोन खाली आला होता आणि त्या काहीतरी लिहीत होत्या. लिहिलेले त्यांनी पुसले, पुन्हा लिहिले, पुन्हा पुसले. रात्री जेवणानंतर आम्ही त्यांचा स्टेटस उघडला. विझलेल्या मेणबत्तीचे छायाचित्र होते आणि खाली एकच शब्द होता, ‘पप्पा’. पाहणाऱ्यांच्या यादीत आमचे नाव गेले.